काकाजींचा तास

माइकसमोर बसण्याआधी काकाजी शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावायचे. मग माइकला दोन्ही हात जोडून नमस्कार करायचे, घसा खाकरायचे आणि त्यानंतरच मला मानेने खूण करायचे. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "काकाजी, हा रेडिओ आहे. कोणाला काही दिसत नाही."

"त्याइले दिसत नाई," काकाजी म्हणाले, "पण मले तं दिसते ना."

आमचं रेडिओ केंद्र घाटंजीत आहे. केंद्र म्हणजे कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या कचेरीतल्या, माडीवरच्या दोन खोल्या. एकीत मी आणि यंत्रं, दुसरीत बोलणारा माणूस, मधे काच. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. त्यातल्या एका गादीचा कापूस अधूनमधून बोलणाऱ्याच्या डोक्यावर उतरतो. आमच्या मनोऱ्याची ताकद आसपासच्या गावां-तांड्यांपुरती. त्यापलीकडे आम्ही नुसती खरखर. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी हा आवाज आता जगभर जाईल असं ठणकावून सांगितलं होतं. ते गाडीत बसून निघाले आणि तालुक्याची हद्द ओलांडायच्या आत त्यांना त्यांचंच भाषण ऐकू येईनासं झालं असणार.

काकाजींचा कार्यक्रम सकाळी आठ ते नऊ. कागदोपत्री त्याचं नाव होतं 'ओसरी'. गाव त्याला 'काकाजीचा तास' म्हणायचं. संस्थेच्या अध्यक्षांना 'ओसरी' हे नाव सुचायला तीन बैठका लागल्या होत्या. गावाला एकही लागली नाही.

सामुदायिक रेडिओला परवाना देताना सरकार बजावून सांगतं : बातम्या द्यायच्या नाहीत, राजकारण बोलायचं नाही. पीक, पाणी, आरोग्य, भजन, लोकगीतं हे सगळं चालेल. आता तुम्हीच सांगा, आपल्या राज्यातल्या माणसाला सकाळी आठ वाजता माइकसमोर बसवायचं आणि राजकारण बोलू नको म्हणायचं, म्हणजे पंगतीत बसवून फक्त पाणी पी म्हणण्यातला प्रकार. काकाजी सुरुवात तुरीवरच्या अळीने करायचे. अळी शेंगेत कशी शिरते, दाणा आतून कसा खाते, शेंग बाहेरून कशी हिरवीगार दिसते, हे सगळं शास्त्रशुद्ध. मग आवाज थोडा खाली यायचा.

"अन् मंडळी, मुंबईतबी सध्या हेच सुरू हाय. सकाळी एका पक्षात जेवते अन् संध्याकाळी दुसऱ्या पक्षात हात धुते..."

इथे मी खटका दाबायची. काकाजींचा आवाज बंद आणि गाणं सुरू. या कामासाठी मी झरी जामणीकडच्या कोलाम आदिवासी बायकांचं एक लांबलचक गाणं कायम तयार ठेवलं होतं. काचेपलीकडे काकाजींचं बोलणं चालूच असायचं. हात वर-खाली व्हायचे, एखादा मंत्री मुठीत धरून खाली आपटला जायचा. त्यांचं बोलून होईपर्यंत मी गाणं वाजू द्यायची. मग ते कपाळ पुसायचे, मला खूण करायचे आणि म्हणायचे, "तं मंडळी, त्या अळीवर निंबोळीचा अर्क बरा."

ऐकणाऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं. चहाच्या टपरीवर एकजण दुसऱ्याला सांगताना मी स्वतः ऐकलंय : "आज चार गाणे झाले राजेहो. मुंबईत काई तरी मोठं झालं वाटते." पक्ष फुटले त्या दिवसांत ते कोलामी गाणं गावातल्या शाळकरी पोरांना तोंडपाठ झालं. त्या गाण्याचा अर्थ पाऊस आणि मोहफुलांबद्दलचा आहे. आमच्या गावात मात्र ते सरकार पडण्याचं गाणं म्हणून ओळखलं जातं.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. म्हणजे दुपारी पोरांना राजकारणावर बोला म्हणायचं, ती बोलत नाहीत. आणि सकाळी काकाजींना बोलू नका म्हणायचं, ते ऐकत नाहीत.

काकाजी जुन्या वळणाचे. मुलाने आईबापाजवळ राहावं, सुनेने सासूला विचारून भाजी करावी, गावाने गावाचं पाहावं, आणि सरकारने रस्ता, पाणी, पोलीस एवढं सांभाळून बाकी गप्प बसावं, हा त्यांचा सगळा पक्ष. त्यांचा स्वतःचा मुलगा हैदराबादला होता, आणि सुनेला सासूला भाजीबद्दल विचारायचं तर फोन लावावा लागला असता. पण तत्त्वाला अपवाद असतात, असं काकाजींचं म्हणणं. मी त्यांच्या पेन्शनचा विषय काढला की ते जराही न अडखळता म्हणायचे, "ते दान नाई म्याडम. तो पगार हाय. उशिरा भेटून राह्यला एवढंच."

सरकारी मदतीवर मात्र त्यांचा खरा राग. बायांच्या खात्यात पैसे, फुकट धान्य, फुकट साड्या, निवडणूक जवळ आली की यातलं काही ना काही जाहीर व्हायचं आणि माझं बोट खटक्यावर जायचं. "इलेक्शन आलं की सरकारले पान्हा फुटते," हे त्यांचं वाक्य मी कितीदा कापलं असेल त्याची गणतीच नाही.

सुरुवातीला मला वाटायचं, हा पोट भरलेल्या माणसाचा राग आहे. तसा तो नव्हता. काकाजींनी नोकरीची शेवटची वर्षं तहसील कचेरीत निराधारांच्या अनुदानाच्या टेबलावर काढली होती. एकदा कार्यक्रम संपल्यावर चहा पिताना ते म्हणाले, "एक म्हातारी ये. आपुन जित्ती हाओत, हे दरसाल येऊन दाखवा लागे तिले. एका साली साहेब म्हणे, फोटोतली बाई अन् ही बाई सारखी दिसत नाई. अरे बाप्पा, वर्षभर अर्ध्या पोटी राह्यलेली बाई फोटोसारखी कशी दिसन? तिनं माह्याकडं पाह्यलं. मी साहेबाकडं पाह्यलं. साहेबानं घड्याळाकडं पाह्यलं."

"मग?"

"मंग काय. रांगेतली पुढची बाई आली."

चहा संपवून त्यांनी आपलं नेहमीचं वाक्य टाकलं, जे तोवर आख्ख्या तालुक्याला माहीत झालं होतं. "सरकारले नाक नाई, म्याडम. शेजाऱ्याच्या घरी चूल पेटली नाई तं शेजाऱ्याले वासावरून समजते. सरकारले अर्ज द्या लागते."

एरवी मी हसून सोडून द्यायची. त्या दिवशी नाही सोडलं. म्हटलं, "काकाजी, आम्ही बौद्ध. माझा बाप गावातल्या शाळेत दाराबाहेर बसून शिकला आणि मी सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकले. शेजाऱ्यांना नाक होतं ना. आमच्या घराचा वास आला की ते मुरडायचे."

काकाजी कप घेऊन नळावर गेले, तो धुतला, पालथा घातला आणि गेले. मला वाटलं, आता उद्यापासून 'ओसरी'ला दुसरा माणूस शोधावा लागणार.

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले. बटण लावलं, नमस्कार केला, अळीवर बोलले. आणि मग, काहीच संदर्भ नसताना, म्हणाले, "मंडळी, मी म्हणत असतो सरकारले नाक नाई. पण शेजारीच नाक मुरडत असन तं मंग सरकारच लागते. हे माह्यं चुकलं होतं. बाकीचं बरोबर हाय."

हे पूर्णपणे राजकारण होतं. मी खटका दाबला नाही.

काकाजींच्या तासातला गावाचा आवडता भाग सव्वाआठला यायचा. त्याला 'गरज' म्हणायचे. ज्याला काही हवं असेल त्याने मला फोन करायचा आणि मी ती गरज काकाजींना तोंडी सांगायची. काकाजी ती आपल्या शब्दांत लोकांना सांगणार : एका घरी चालताना धरायचा वॉकर पाह्यजे. एका पोरीले नववीची पुस्तकं पाह्यजेत. एका माणसाचा खाणीत पाय गेला, तो आता घरीच बसून शिवण शिकून राह्यला, त्याले मशीन पाह्यजे. ज्याच्याकडे ती वस्तू पडून असेल तो केंद्रावर आणून ठेवायचा. नऊ वाजले की काकाजी ती वस्तू स्कूटरला बांधून, मी सांगितलेल्या गावच्या पाराजवळ नेऊन ठेवणार. तिथून ज्याची त्याने न्यायची. वॉकर बांधलेली त्यांची स्कूटर रस्त्याने जाताना म्हाताऱ्या बैलासारखी दिसायची, शिंगं बाजूला फाकलेली.

या सगळ्याला एक नियम होता, आणि तो काकाजींनीच घातलेला होता. देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याला सांगायचं नाही, घेणाऱ्याचं देणाऱ्याला सांगायचं नाही, आणि काकाजींना तर दोन्ही सांगायची नाहीत. नावं फक्त माझ्यापाशी.

"नाव समजलं की मनात जात येते, गाव येते, मागचं भांडण येते," ते म्हणायचे. "मी काई साधू नाई. मले नाव सांगू नका."

या नियमाचा सर्वात मोठा फटका एका पुढाऱ्याला बसला. हे गृहस्थ हिवाळ्यात जीप भरून चादरी घेऊन आले. सोबत हारतुरे, कॅमेरावाला आणि स्वतःचा फोटो छापलेला फलक. रेडिओवर फलक कुठे लावणार, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. काकाजींनी चादरी उतरवून घेतल्या, त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "मंडळी, एका मोठ्या मनाच्या माणसानं चादरी देल्या. नाव सांगाची आपल्याकडं मनाई हाय, म्हणून सांगत नाई." गावाने दिवसभर तर्क लढवले आणि संध्याकाळपर्यंत सगळं श्रेय एकमताने त्या पुढाऱ्याच्या विरोधकाला देऊन टाकलं. विरोधकानेही फार नाकारलं नाही. पुढारी फोनवर माझ्यावर ओरडत होते तेव्हा काकाजी शेजारी बसून शेंगदाणे खात होते. "त्याइले म्हणा, वरचा पाहून राह्यला," ते हळूच म्हणाले. "अन् वरच्यालेबी नाव सांगू नका म्हणा, तो फरक करन."

एकदा संध्याकाळी मला फोन आला.

"म्याडम, एक गरज सांगाची होती. नाव सांगाचं नसते ना?"

आवाज ओळखीचा होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्या घरी गेले होते. त्या काकाजींच्या बायको, आमच्या काकू. तेव्हाच काचबिंदूने त्यांची नजर अधू झाली होती. वाण देताना त्यांनी माझा हात चाचपून शोधला होता. आता, त्या म्हणाल्या, उजेड आहे की अंधार एवढंच कळतं.

"एका आंधळ्या बाईपाशी सकाळी कोणी येऊन बसलं पाह्यजे," काकू म्हणाल्या. "कामाले नाई. सैपाक करून ठेवतात, पाणी भरून ठेवतात, औषध हातापाशी ठेवतात. कशात कमी नाई. फक्त बसाले. दोन गोष्टी बोलाले. सकाळपासून दुपारपर्यंत घरात भांडं पडलं तरी आवाज करणारी मीच असतो."

"काकू, त्यांना सांगितलंत?"

"सांगतलं की. 'हव' म्हणतात अन् गाडी काढतात. कोणाच्या घरी काई पोचवाचं असते."

"पुन्हा सांगून पाहा. ते ऐकतील."

"ऐकतात. पण दुसऱ्याच्या घरचं ऐकतात ते," काकू म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. भाजीला मीठ किती लागतं ते सांगावं तसं सांगत होत्या. "म्हणून दुसऱ्याचं घर होऊन सांगून राह्यली."

सकाळी काकाजी आले. मी त्यांना गरज सांगितली, एका वाक्यात, नेहमीसारखी. त्यांनी विचारलं, "नवरा हाय का त्या बाईले?" मी म्हटलं, "आहे." "घरी नसते का तो?" "सकाळी नसतो." "आजारी हाय?" "नाही, चांगला ठणठणीत आहे."

काकाजींनी बटण लावलं. ते जरा जोरातच लावलं.

"मंडळी," सव्वाआठला ते सुरू झाले, "एका घरी एक माय हाय. तिले दिसत नाई. तिच्यापाशी बसाले माणूस पाह्यजे. आता तुम्ही म्हणसान, तिले कोणी नाई का? हाय! नवरा हाय! ठणठणीत हाय! म्याडमनं स्वतः सांगतलं. मंग कुठं जाते हा माणूस? पत्ते खेळाले? पाराखाली बसून राजकारण कराले? बायकोचे डोळे गेले तं यानं तिचे डोळे व्हाचं, की गावभर उंडगाचं?"

माझं बोट सवयीने खटक्यावर गेलं होतं. पण यात राजकारण नव्हतं. उलट इतकं शुद्ध समाजप्रबोधन 'ओसरी'वर त्याआधी झालंच नव्हतं.

लोकांचे फोन सुरू झाले, आणि त्या वेळी ते थेट प्रसारित होत. एकजण म्हणाला, अशा नवऱ्याला ग्रामपंचायतीत उभं करा. दुसरा म्हणाला, "काकाजी, त्याले आमच्या तांड्यावर पाठवा, बाया सुधरवतीन त्याले." काकाजी प्रत्येकाला "बरोबर बोलले, बरोबर बोलले" म्हणत होते. काकू घरी रेडिओ लावून बसलेल्या असणार, हे आठवून मला काचेपलीकडे पाहवेना.

शेवटचा फोन गोमलीबाईचा. ती तांड्यावरून पहाटे दुधाचे डबे घेऊन यायची आणि दूध घालून झालं की परतीच्या बसची वाट पाहत स्टँडवर बसायची. "मी तं तशीबी बसूनच राह्यतो," ती म्हणाली. "तिच्यापाशी बसन. माणसाची सावली तरी राह्यते घरात." गाणं लावून, काकाजींना ऐकू जाणार नाही असा मी तिला पत्ता दिला. तो कोणाचा हे तिला माहीत नव्हतं.

ते तिला दुसऱ्या सकाळी कळलं. घरात शिरली तेव्हा कोनाड्यात रेडिओ चालू होता आणि रेडिओतून काकाजी विचारत होते, "त्या नवऱ्याले लाज वाटली का नाई अजून?" आणि खाटेवर बसलेली आंधळी बाई शांतपणे म्हणाली, "बस बाई. हे आमचेच."

गोमलीबाई मला हे सांगायला आली तेव्हा पदराने तोंड दाबून हसत होती. पण तिनेही नियम पाळला. नाव सांगायचं नाही म्हणजे नाही.

पुढे बरेच दिवस हे असंच चालू राहिलं. काकाजी आल्या-आल्या विचारायचे, "त्या मायजवळ कोणी जाते ना?" मी म्हणायची, जातं. मग ते निश्चिंत होऊन त्या नवऱ्याला थोडं झोडपायचे. तो आता त्यांच्या तासाचा एक कायमचा माणूस झाला होता, अळीइतका. हळूहळू त्यांनी त्याला एक स्वभावही देऊन टाकला : चारचौघांत फार मोठेपणा करणारा, घरात मुका, बायकोने काही म्हटलं की 'हव' म्हणणारा. इतकं अचूक वर्णन त्यांना कसं सुचत होतं, कोण जाणे. काकूंचा मला मधेच फोन आला. "आज कमी बोलले. तब्येत बरी हाय ना त्याइची?"

मी विचारलं, "काकू, वाईट नाही वाटत?"

"कायचं वाईट! इतक्या वर्षांत माह्या बाजूनं एवढं कोणीच बोललं नव्हतं."

एका सकाळी साडेआठलाच वीज गेली. आमची बॅटरी आधीच मान टाकून बसली होती. 'ओसरी' अर्ध्यात बंद पडली. त्या दिवशी पोचवायची वस्तूही नव्हती. काकाजी थोडा वेळ माइकच्या खोलीतच उभे राहिले, भिंतीवरच्या गादीतून निघालेला कापूस आत खुपसत. मग बाहेर येऊन म्हणाले, "चला, घरीच जातो," आणि गेले. या वेळेला ते घरी गेल्याचं मला आठवत नव्हतं.

पुढचं मला गोमलीबाईने सांगितलं. ती दुपारची बस सोडून केंद्रावर आली होती, आणि या वेळी हसत नव्हती.

रेडिओ एकाएकी मुका झाला तशा घरी दोघी हिरमुसल्या. मग गोमलीबाई म्हणाली, "थांब याडी, मी लावतो रेडिओ." याडी म्हणजे तांड्यावरच्या बोलीत आई. तिने पोलक्याचं नसलेलं बटण लावलं, घागरीला नमस्कार केला, घसा खाकरला आणि काकाजींच्या आवाजात सुरू केलं. बटणाचं काकूंनीच तिला सांगितलं होतं. डोळे असतानाच्या कितीतरी गोष्टी त्या तिला सांगत बसायच्या. "तं मंडळी, कुठं जाते हा माणूस?" गोमलीबाईने घागरीला विचारलं. काकू हसायला लागल्या. खाटेची कड धरून हसल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात.

काकाजी दारात उभे होते. किती वेळ, ते गोमलीबाईला माहीत नाही; तिची दाराकडे पाठ होती. त्यांनी चप्पल काढल्याचा आवाज झाला.

"अन् याडीचं हसणं गपकन बंद झालं," गोमलीबाई म्हणाली. "म्याडम, दिवा फुकला का मंग कसं होते? तसं. पदर सारखा केला अन् म्हणे, 'आले का? पाणी देऊ का?'"

काकाजींनी स्वतःच माठातलं पाणी घेतलं, प्यायले आणि पेला हातात घेऊन उभेच राहिले.

सकाळी ते आले तेव्हा मी त्यांच्याशी काय बोलावं ठरवत होते. त्यांनी वेळच दिला नाही. सरळ आत जाऊन बसले, बटण, नमस्कार, खूण. आणि मग गप्प. रेडिओवर गप्प बसण्याइतकं मोठं पाप नाही. ऐकणारा लगेच संच ठोकायला लागतो. खटका माझ्या बोटाखाली होता, गाणं तयार होतं. काचेतून काकाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि हाताने सांगितलं, थांबा.

"मंडळी," ते म्हणाले, "आपुन ज्या माणसाले रोज शिव्या देत होतो, तो सापडला. मी पाह्यलं त्याले. वाईट नाई तो. गावाच्या कामात राह्यते. त्याले वाटते आपुन फार चांगलं करून राह्यलो. काल त्याची बायको हसून राह्यली होती. चांगली जोरानं हसून राह्यली होती. हा घरात गेला, अन् ती चूप झाली. आता ती काहून चूप झाली, हे त्याले पाहा लागते. हे काम दुसऱ्याले सांगता येत नाई. म्हणून तो आता सकाळचा घरीच राहीन."

नमस्कार करून ते उठले. सव्वाआठसुद्धा झाले नव्हते. उरलेला वेळ मी ते कोलामी गाणं वाजवलं. टपरीवर त्या दिवशी कोणी गाणी मोजली नाहीत, असं मला नंतर कळलं. मुंबईत काय झालं, असंही कोणी विचारलं नाही.

जाता जाता ते माझ्या दारात थांबले.

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

"काहून नाई सांगतलं?"

"नाव सांगायचं नाही, हा नियम तुमचाच आहे, काकाजी."

त्यांनी जिना उतरायला सुरुवात केली. मधल्या पायरीवरून वळून म्हणाले, "नियम बरोबर हाय." आणखी दोन पायऱ्या उतरल्यावर पुन्हा म्हणाले, "बरोबरच हाय नियम."

संस्थेने त्यांचा सत्कार ठरवला. अध्यक्षांनी भाषण लिहून आणलं होतं. त्यात काकाजींना समाजाचा दीपस्तंभ म्हटलं होतं, आणि आमच्या जिल्ह्यापासून समुद्र किती लांब आहे याची अध्यक्षांना फिकीर नव्हती. कार्यक्रम सकाळी दहाचा होता. काकाजी आले नाहीत. सकाळी जमत नाही असा निरोप आला. अध्यक्षांनी भाषण तरीही केलं, कारण ते लिहून झालं होतं.

'गरज' आता मी सांगते. वस्तू येतात, जातात. कापसाच्या गाडीवरची पोरं त्या गावोगाव पोचवतात. राजकारण कोणी बोलत नाही. काकाजींच्या जागी आलेल्या नव्या निवेदिकेला अळीवरून मुंबईला जाण्याची वाट माहीत नाही. सरकारी नियमांचं इतकं काटेकोर पालन आमच्या केंद्रावर आजवर कधी झालं नव्हतं, आणि आठ ते नऊ इतका लांब तासही मी कधी पाहिला नव्हता.

तुरी भरायच्या दिवसांत मी एका सकाळी त्यांच्याकडे गेले. फाटक ढकललं तर काकाजी अंगणात, बंद दाराच्या बाहेर पायरीवर बसलेले. पुढ्यात सुपात तुरीच्या हिरव्या शेंगा, आणि ते त्या सोलत होते. आत गोमलीबाईचं काहीतरी सांगणं चाललं होतं. कळत नव्हतं, पण चाल मात्र गोष्टीची होती.

मी नमस्कार करायला तोंड उघडलं. काकाजींनी पटकन बोट ओठांवर ठेवलं आणि दाराकडे पाहिलं.

आत काकू हसायला लागल्या होत्या. आधी थोडं, मग खाट करकरेल इतकं. काकाजींनी हातातली शेंग न सोलता तशीच धरून ठेवली होती. तिचा टचकन आवाज होऊ नये म्हणून. मला त्यांनी हातानेच पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसायला सांगितलं.

"थांबा जरा," ते अगदी हळू म्हणाले. "तिले वाटते मी बाहेर गेलो."